बैल देऊन वासरू: पिट्सबर्ग पायरेट्सच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

पिट्सबर्ग, नोव्हेंबर २०२५

पायरेट्स बेसबॉल क्लबचे मालक बॉब नटिंग, जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन आणि ट्रेड-ड्राफ्टची खाती सांभाळणारे समस्त कारभारी यांना

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या टीमवरून आमच्या घरात होणारी सगळी भांडणं मराठीत होतात. तुमच्यापैकी कुणाला ते वाचता येणार नाही, याची कल्पना आहे. पण इंग्रजीत आलेली पत्रं, गॅलरीतल्या 'टीम विका'च्या घोषणा, हे सगळं तुम्हाला व्यवस्थित कळतं आणि तरी काही हलत नाही. तेव्हा भाषेपायी काही अडलंय असं वाटत नाही.

मी सांगली जिल्ह्यातली. २००५ साली शिकायला इथं आले आणि लॅबमधल्या मंडळींबरोबर पहिल्यांदा पीएनसी पार्कला, म्हणजे तुमच्या मैदानावर, गेले ते बेसबॉलसाठी नव्हे, नदीपलीकडच्या गावाचं संध्याकाळचं रूप बघायला. त्या संध्याकाळी हरलो. पुढच्याही. नंतर कुणीतरी सांगितलं की १९९३पासून हे असंच चाललंय. ते २०१२पर्यंत चाललं. सलग वीस सीझन पराभवाच्या बाजूला. त्यातले शेवटचे आठ मी स्वतः बसून काढलेत, त्यामुळे मला उपरी समजू नका. १ ऑक्टोबर २०१३च्या रात्री सारं पार्क एका सुरात सिनसिनाटीच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव घेत होतं, त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिननं होम रन, म्हणजे थेट भिंतीपलीकडचा फटका, मारला. त्या एका रात्रीच्या जिवावर मी अजून येते आहे. बारा वर्षं झाली.

आता मुद्द्याचं. मला ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), प्रॉस्पेक्ट (अजून तयार व्हायची तरुण पोरं) आणि ड्राफ्ट (नव्या पोरांची क्रमाक्रमानं निवड) या तीन गोष्टींवर बोलायचंय, आणि ते मला आजोबांमुळे कळतं, कुठल्या आकडेवाल्या वेबसाइटमुळे नाही.

आजोबा आटपाडी तालुक्यातले. खरसुंडीच्या बाजारात खिलार जनावर घ्यायला जायचे. खोंडाचा जबडा उघडून दात बघायचे. आदत म्हणजे अजून दुधाचे दात, पुढं काय होईल ते देव जाणे, म्हणून स्वस्त. दोनदाती म्हणजे अंदाज येतो. चारदाती जनावर जवळजवळ कळलेलं. दात जुळले की ते पुरं औताचं, आणि भावही तसाच. मग उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत सौदा. घरात आजोबांचं एक गणित पक्कं होतं: गोठ्यात दोन वासरं वाढती हवीत, पण मृगाच्या आधी औताला बैलजोडी हवीच हवी. वासरू कितीही देखणं असलं तरी ते पेरणी करत नाही.

तुमचा गोठा बघा. २०११ साली तुम्ही ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेरिट कोल घेतलात, ८० लाख डॉलर मोजून. वाढवलात, कामाला लावलात. जानेवारी २०१८मध्ये, त्याच्यावरचा हक्क अजून दोन वर्षं असताना, ह्यूस्टनला दिलात. बदल्यात आलेल्या चौघांतला धड निघाला तो जो मसग्रोव्ह. तो पुरता तयार झाला, तसा जानेवारी २०२१मध्ये सॅन डिएगोला गेला. तिथं गेल्यावर तीन महिन्यांत त्यानं त्या क्लबच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही अशी मॅच) टाकला. त्याच्या बदल्यात आलेल्यांत डेव्हिड बेडनार होता, आपल्याच शेजारच्या मार्स गावचा. पोरगा शेवटच्या इनिंगला मैदानात उतरला की गॅलऱ्या उभ्या राहायच्या. तोही तयार झाला. ३१ जुलै २०२५ला त्याला न्यूयॉर्कला देऊन तुम्ही तीन तरुण पोरं आणलीत, त्यात दोन कॅचर.

म्हणजे कोल दिला, मसग्रोव्ह घेतला. मसग्रोव्ह दिला, बेडनार घेतला. बेडनार दिला आणि पुन्हा दुधाचे दात. बैल देऊन खोंड, खोंड औताला आला की तो देऊन वासरू. चौदा वर्षं हा एकच सौदा चाललाय. प्रत्येक वेळी पत्रकार परिषदेत सांगितलं जातं की फार्म सिस्टिम, म्हणजे खालच्या टीममधली तरुण पोरांची फळी, बळकट झाली. झाली असेलही. पण शेत पडीकच आहे ना?

तुम्हाला विकता येत नाही, असं माझं मुळीच म्हणणं नाही. २०१७मध्ये टोनी वॉटसन वर्षअखेर जाणारच होता. त्याच्या बदल्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ओनील क्रूझ उचललात, तेव्हा तो अठरा वर्षांचा उंचाडा पोरगा होता. परवाच्या मे महिन्यात त्यानं १२२.९ मैल वेगानं चेंडू नदीत टोलवला, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा सर्वांत जोरदार फटका. अँड्र्यू मॅककचन दिलात तेव्हा मी आठवडाभर रडवेली होते, पण ब्रायन रेनॉल्ड्स आला आणि टिकला. त्याला तर तुम्ही चक्क दीर्घ करारही दिलात. जाणाऱ्या माणसाची किंमत वसूल करणं तुम्हाला जमतं. राहू शकणाऱ्याला राहू देणं जमत नाही.

आणि उलटा सौदा, म्हणजे वासरं देऊन बैल आणणं, तुम्ही एकदाच जिवावर उदार होऊन केलात. त्याबद्दल बोलल्याशिवाय या गावात कुठलंच बोलणं पुरं होत नाही.

३१ जुलै २०१८. टीम नुकतीच सलग अकरा मॅच जिंकलेली. टँपा बेचा पिचर क्रिस आर्चर आला आणि ऑस्टिन मेडोज व टायलर ग्लासनाउ गेले. शिवाय 'नाव नंतर ठरवू' म्हणून एक खेळाडू, जो पुढे शेन बाझ निघाला, वर्षभरापूर्वीच आपण पहिल्या फेरीत घेतलेला. नंतर ठरवायच्या नावावर लोक जुना चेंडू देतात. तुम्ही दागिना दिलात. आर्चरनं आपल्यासाठी ३३ मॅचमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून टाकलं. २०१९मध्ये त्याची धावसरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ५.१९ होती, मग खांद्याकडचं दुखणं, मग २०२०चा सीझन गेलाच. तिकडे २०१९मध्ये मेडोजनं ३३ होम रन मारले आणि ग्लासनाउनं बारा मॅचमध्ये १.७८च्या सरासरीनं टाकलं.

चेरिंग्टनसाहेब, हे तुमच्या आधीच्या मंडळींचं काम, तुम्ही २०१९च्या नोव्हेंबरात आलात. पण त्या सौद्याची धास्ती खुर्चीबरोबर वारशानं मिळालेली दिसते. गावानंही त्यातून एकच धडा घेतला: प्रॉस्पेक्ट देऊ नयेत, हात भाजतो. मला हा धडा साफ चुकीचा वाटतो. चूक वासरं दिली ही नव्हती. आपल्या गोठ्यात काय बांधलंय ते आपल्यालाच माहीत नव्हतं, ही चूक होती. पावणेसात फुटांचा ग्लासनाउ त्या वर्षी आपल्याकडे बुलपेनमध्ये, म्हणजे मधूनच बोलावल्या जाणाऱ्या पिचरांत, बसून होता. टँपानं त्याला नेल्या नेल्या मॅचची सुरुवात करायला लावली. नवीन काही शिकवलं असेल-नसेल, पण त्याच्या हातात काय आहे ते त्यांनी लांबून ओळखलं आणि आपण जवळून नाही. दुसऱ्याच्या दावणीचं जनावर दात बघून घेता येतं. स्वतःच्या दावणीचं रोज चारा घालूनही कळत नसेल, तर दोष बाजाराचा कसा?

हे माझ्या लेकाशी बोलले तर तो म्हणाला, "आई, पण होजे बॉटिस्टापण गेला होता ना फुकटात?" गेला होता. २००८मध्ये, टोरंटोला, तसाच 'नंतर ठरवू'च्या भावात. २०१०मध्ये त्यानं ५४ होम रन मारले. तेव्हाही तेच. माणूस आपल्या डोळ्यांसमोर होता.

ड्राफ्टबद्दल मी तुमच्यावर त्या मानानं खूश आहे, हेही लिहून ठेवते. भारतातले आमचे नातेवाईक आयपीएलचा लिलाव बघून वाढलेले, त्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. पोराला बोली नाही, पसंती नाही, ज्यानं नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं किंवा कॉलेजात परतायचं. वर प्रत्येक क्रमांकाला लीगनं ठरवलेला भाव, आणि त्या भावांची बेरीज म्हणजे तुमची थैली. थैली एकच, वाटप मात्र तुमच्या हातात. २०२१ साली तुम्ही त्यात सुरेख हात दाखवलात. पहिल्या क्रमांकाचा भाव ८४ लाखांच्या वर होता; कॅचर हेन्री डेव्हिसला ६५ लाखांत राजी केलंत आणि उरलेले पैसे खालच्या फेऱ्यांत फिरवलेत. तिसऱ्या फेरीतल्या बबा चँडलरला ३० लाख मिळाले, म्हणून तो क्लेमसनला फुटबॉलचा क्वार्टरबॅक व्हायला गेला नाही. आजोबांनी पाठ थोपटली असती. गंमत अशी की ज्याच्यासाठी बाजारात गेलो त्या डेव्हिसची बॅट अजून चालायची आहे, आणि परतीच्या वाटेवर घेतलेल्या चँडलरनं या ऑगस्टमध्ये पहिल्याच मॅचला चार इनिंग टाकून सेव्ह, म्हणजे जिंकत असलेली मॅच शेवटपर्यंत राखल्याचं श्रेय, मिळवला.

कॉनर ग्रिफिनचं श्रेय तर निर्विवाद तुमचं. २०२४मध्ये मिसिसिपीच्या शाळेतला पोरगा, बॅट चेंडूला लागेल का अशी शंका घेऊन आठ टीमनी नाकारलेला, नवव्या क्रमांकावर तुम्ही घेतलात. निव्वळ आदत. आणि एकोणिसाव्या वर्षी, या सीझनमध्ये, खालच्या लीगमध्ये ब्रॅडेंटनपासून अल्टूनापर्यंत तीन पायऱ्या चढत बॅटिंगची .३३३ची सरासरी, २१ होम रन, ६५ स्टील (चोरून पटकावलेले बेस). मी जूनमध्ये खास अल्टूनाच्या रस्त्याचा नकाशा काढून ठेवला होता. तो तिथं ऑगस्टात पोचला आणि आमची शाळा सुरू झाली. असो. त्याला हात लावायचा नाही. या पत्रातली ही एकमेव गोष्ट मी हुकमाच्या सुरात लिहिते आहे.

भारताचा विषय निघालाच आहे तर हेही. २००८मध्ये तुमच्याच क्लबनं एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेक करणारे तरुण करारबद्ध केले. त्या स्पर्धेआधी त्यांनी बेसबॉल कधी हातात धरला नव्हता. दोघेही वरपर्यंत पोचले नाहीत. पण त्या हिवाळ्यात सांगलीहून मला जितके फोन आले तितके नंतर कधी आले नाहीत, आणि "तुझ्या त्या टीमनं आपली पोरं घेतली म्हणे" हे वाक्य आमच्या आजीनं मरेपर्यंत धरून ठेवलं. पोरगं बघून आशा लावायची तुमची खोड मलाही आवडते, म्हणूनच इतकं लिहिते आहे.

आता पॉल स्केन्स. २०२३मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलात, ९२ लाख डॉलर, तोवरचा विक्रमी बोनस. एलएसयू या विद्यापीठाचा, म्हणजे दात जवळजवळ जुळलेले. तरी २०२४च्या एप्रिलमध्ये तो खालच्या टीमकडून इंडियानापोलिसला टाकत बसला आणि ११ मेला इथं आला. हातावर जपून भार द्यायचा होता, हे तुमचं स्पष्टीकरण मी ऐकलंय आणि काही अंशी मानतेही. पण सेवाकाळाचा, म्हणजे वरच्या लीगमधल्या वर्षांचा, हिशेब तुमच्या मनात नव्हता, असं सांगू नका. उशिरा आणलं की त्याचं वर्ष पुरं भरत नाही आणि तो आणखी एक वर्ष आपल्या ताब्यात राहतो. फक्त नवा नियम तुम्हाला आडवा आला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतंच. तो पहिला आला. वर्ष गेलं. आणि सीझनच्या सुरुवातीपासून खेळवला असता तर त्याच नियमानं आपल्याला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळाली असती, तीही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं. ग्रिफिनच्या वेळी हा हिशेब पुन्हा मांडायला बसाल तेव्हा हे आठवा.

तर स्केन्स २०२९पर्यंत आपला. परवाच त्याला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळाला, एकमतानं. धावसरासरी १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. आणि जिंकलेल्या-हरलेल्यांचा हिशेब? दहा आणि दहा. हा आकडा मी फ्रिजवर चिकटवलाय. असा पिचर निम्म्या वेळा हरतो, कारण त्याच्या बाजूचे लोक धावाच काढत नाहीत. यंदा आपण अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी धावा काढल्या, ५८३. होम रनही सर्वांत कमी, ११७. टीम ७१ जिंकली, ९१ हरली. मे महिन्यात मॅनेजर बदललात. बॅटी त्याच राहिल्या.

स्केन्सला विकणार नाही, असं चेरिंग्टनसाहेबांनी मेमध्ये स्वच्छ सांगितलं. ठीक. पण न विकणं म्हणजे जोडी लावणं नव्हे. एका बैलानं औत ओढायला लावलंत तर तोही दोन-तीन वर्षांत थकतो किंवा कासरा तोडतो. मग कुणीतरी म्हणणार, जाणारच आहे तर चार वासरं घेऊ. ती वासरं कशी असतील, त्यांची वर्णनं कशी छापून येतील, मला आत्ताच पाठ आहेत.

म्हणून या हिवाळ्यात वासरं द्या. पिचरच द्या, कारण आपल्याकडे तीच दावण भरलेली आहे. मिच केलर आहे, चँडलर आहे, हंटर बार्को आहे, शस्त्रक्रियेतून परतणारा जेरेड जोन्स आहे. आणि जुलैमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला सेथ हर्नांडेझ आहे, कॅलिफोर्नियाच्या शाळेतला. वर्ल्ड सिरीज संपली, म्हणजे नियमानं त्याचाही सौदा आता करता येतो. माझ्या घरात यावरून दोन तट आहेत. नवरा म्हणतो, हर्नांडेझ पुढचा स्केन्स असेल. असेलही. पण शाळकरी उजवा पिचर म्हणजे साऱ्या बाजारातलं सर्वांत बेभरवशाचं आदत. कोपर आहे, खांदा आहे, पाच वर्षं आहेत. त्याचा भाव आज जितका आहे तितका पुन्हा असेलच असं नाही, कारण आज त्यानं व्यावसायिक मैदानात एकही वाईट दिवस काढलेला नाही. चँडलर ठेवा, हर्नांडेझ द्या. नवऱ्यानं हे वाचलं की रात्री जेवताना विषय निघणार, पण मी मागं घेत नाही.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. लॉस एंजेलिसची थैली मोठी आणि आपली लहान, हे मला कळतं. या खेळात पगाराला कमाल मर्यादा नाही हेही कळतं. पण प्रॉस्पेक्ट देऊन बॅटर आणायला थैली तितकी लागत नाही. नियमच तसे आहेत की तीन-चार वर्षं हातात राहणारा, पगार अजून न फुगलेला बॅटर पोरं देऊनच मिळतो. टँपा आणि मिलवॉकी काही आपल्यापेक्षा श्रीमंत गावं नाहीत.

एक जुनी गोष्ट सांगते, तुमच्याच घराची. १९५४मध्ये या क्लबचा क्लाइड सुकफोर्थ हा डॉजर्सच्या माँट्रियलच्या टीममधला एक पिचर बघायला गेला. पिचर राहिला बाजूला, सरावात चेंडू फेकणारा एक पोरगा त्याच्या नजरेत भरला. मॅचमध्ये त्याला फारसं खेळवतही नव्हते. त्या नोव्हेंबरात आपण रूल फाइव्हच्या, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या खालच्या टीममधली पोरं उचलण्याच्या, ड्राफ्टमध्ये ४,००० डॉलर भरून तो उचलला. रोबेर्तो क्लेमेंते. पूल त्याच्या नावाचा आहे, उजवीकडची भिंत त्याच्या २१ क्रमांकासाठी एकवीस फुटांची आहे. दुसऱ्याच्या गोठ्यातलं जनावर या क्लबनं एकेकाळी असं ओळखलं होतं आणि औताला जुंपलंही होतं. तो अठरा सीझन इथंच खेळला. तीन हजारावा हिट मारेपर्यंत त्याच्या बदल्यात कोण मिळेल, असं कुणी विचारत बसलं नाही.

सगळ्या क्लबच्या कारभाऱ्यांच्या विंटर मीटिंग्ज डिसेंबरात ऑरलँडोला आहेत. तिथल्या हॉटेलच्या लॉबीत तुम्ही दोन-तीन दिवस असाल. रिकाम्या हातानं येऊ नका. एक बॅटर घेऊन या, डावखुरा चालेल, उजवा चालेल, पहिल्या बेसवरचा असला तर उत्तमच. फक्त घेण्याआधी जबडा उघडून बघा, दात जुळलेले असू द्या.

तुमची,
सेक्शन ३१४मधली, वीस वर्षांची गिऱ्हाईक